तिरिलच्या परीक्षेत माझं एक वाक्य

६ मे, सोमवार

बेरित, आधी माफी मागतो. ही डायरी तू मला नाताळात दिलीस आणि पहिलं पान मी मे महिन्यात लिहितोय. देताना तू म्हणाली होतीस, "बाबा, ज्या गोष्टींसाठी तुम्ही मला दिवसातून तीनतीनदा फोन करता ना, त्या यात लिहा. वर्षाच्या शेवटी मी सगळं एकदम वाचीन." तू हसत होतीस, पण मला कळायचं ते कळलं. उशीर एवढ्यासाठी झाला की सुरुवात चांगल्या बातमीनं करावी असं मनात होतं. जानेवारीत पन्हळ गळायला लागली, फेब्रुवारीत दाढ काढावी लागली. म्हटलं, थांबू जरा. थांबता थांबता मे आला.

आजचीही बातमी चांगली नाही. तळघरातल्या खोलीत तिरिल राहते, तुला माहीत आहे. नॉर्वेच्या पार वरच्या टोकाची, वाडसोची पोरगी. सार्वजनिक आरोग्य या विषयात पदवीच्या पुढचं शिकते. भाडं वेळेवर, आवाज नाही, बुटांचा चिखल बाहेर झाडते. आज सकाळी वर आली आणि दारातच उभी राहिली.

"ओस्मुंड, पुढच्या सोमवारपासून माझी परीक्षा आहे. चार दिवस. इथंच खाली बसून लिहायची. गुरुवारी दुपारी दोनच्या आत पाठवायची."

"घरी बसून? आणि पुस्तकं उघडून बघितली तर?"

"बघायचीच असतात."

"मग ती परीक्षा कसली?"

"माणसांना विचारायचं नाही. कुणाची मदत घ्यायची नाही. प्रश्नाबद्दल बोलायचंसुद्धा नाही कुणाशी."

"कुणाशीच? माझ्याशीही?"

"तुमच्याशीही," असं म्हणून ती हसली. यात हसण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही.

मग तिचं हसू गेलं. हाच पेपर तिनं आधी दोनदा दिलाय. पहिल्यांदा अंगात ताप होता. दुसऱ्यांदा ताप वगैरे काही नव्हता, तरी चार दिवस नुसती पडद्याकडे बघत बसली. एक वाक्य लिहायचं, दोन पुसायची. शेवटी कोरंच पाठवलं.

"आता ही तिसरी वेळ," ती म्हणाली. "चौथी देत नाहीत. हा पेपर गेला की सगळं शिक्षण गेलं. आणि वाडसोच्या नगरपालिकेनं माझ्यासाठी नोकरीची जागा धरून ठेवलीय."

मी म्हणालो, काही काळजी करू नकोस. ती खाली गेल्यावर मी काळजी करायला बसलो.

८ मे, बुधवार

शेजारची ओडनी रुबार्बच्या आंबट देठांचा केक घेऊन आली. हल्ली तिचा हात सैल झालाय, आठवड्याला एक केक येतो. नवरा गेल्यापासून तिला प्रमाण जमत नाही असं दिसतं, एकटीसाठी करते आणि जास्तीचं उरतं.

"दार उघडायला एवढा वेळ? माझ्यासाठी केस विंचरत होतास की काय?" आल्या आल्या सुरू.

"कुठले केस," मी म्हणालो, आणि तिला परीक्षेचं सांगितलं.

ओडनी पेपर वाचते, त्यामुळे तिला सगळं वाईट माहीत असतं. म्हणाली, कुठल्याशा गावी एका मुलाला वर्षभर बाहेर काढलं. का, तर त्यानं आपल्याच मागच्या पेपरातला मजकूर पुन्हा वापरला आणि तसं सांगितलं नाही. स्वतःचाच! मी विचारलं, आपल्याच खिशातून आपण चोरी कशी करणार? ती म्हणाली, "आता तसं आहे बाबा. आता सगळं मोजतात."

तेव्हापासून मनात एकच चाललंय. स्वतःच्या मजकुरावर एवढं, तर दुसऱ्याच्या तोंडच्या शब्दावर काय करत असतील? आणि या घरात दुसरं तोंड माझंच आहे.

१२ मे, रविवार

परीक्षा उद्यापासून. म्हणजे आज सगळं चालतं. तिरिलला नेहमीसारखं वॅफल खायला वर बोलावलं. तपकिरी चीज आणि स्ट्रॉबेरीचा मुरांबा. तिचा चेहरा फिका होता, पण खाल्लं चांगलं.

ती मलाच प्रश्न विचारत बसली. दिवसभर काय करता म्हणाली. मी सांगितलं, वेळ कुठला पुरतो? सकाळी थर्मामीटर बघायचा, मग टपाल, मग फेरीबोट वेळेवर सुटली का ते खिडकीतून बघायचं. उशीर झाला तर बेरितला कळवायचं.

"बेरित तर ट्रॉनहाइमला असतात. त्यांना या बोटीचं काय?"

"तिला माहिती असलेली बरी."

चर्चजवळच्या ज्येष्ठांच्या केंद्रात का जात नाही, असंही तिनं विचारलं. मी म्हणालो, तिथं सगळी म्हातारी माणसं असतात. तिनं माझं वय विचारलं. शहात्तर, मी सांगितलं, पण मी कामात असतो.

"आणि एखाद्या दिवशी तुम्हाला काही झालं, तर हाक कुणाला मारता?"

"मला काही होत नाही."

ती हनुवटीला हात लावून बघत राहिली, मग गुपचूप आणखी एक वॅफल घेतलं. गुणी पोर आहे. म्हाताऱ्या माणसात एवढा जीव कोण घालतं हल्ली?

१३ मे, सोमवार

घात झाला.

सकाळी नऊला परीक्षा सुरू. मी रेडिओ बंद ठेवला, मोजे घालून चाललो. अकराच्या सुमारास खाली सगळा काळोख झाला. पोरीनं हीटर आणि किटली एकदम लावली आणि फ्यूज गेला. फ्यूजचा डबा माझ्या जिन्यापाशी. ती धावत वर आली, केस विस्कटलेले, डोळे मोठे.

फ्यूज बसवणं ही मदत होते का, या विचारात मी होतो. विजेशिवाय ती लिहिणार कशी, म्हणून बसवला. तिथंच थांबायला हवं होतं. पण शांतता सहन होईना, म्हणून तोंडातून निघालं, "प्रश्न सोपा आहे का?"

तीही बेसावध होती. म्हणाली, "एकटी राहणारी वृद्ध माणसं वेळेवर मदत का मागत नाहीत, असा आहे."

आणि मी, देवा, क्षणाचाही विचार न करता बोलून गेलो, "त्यात काय, कुणाला आपला त्रास नको म्हणून!"

तिरिलनं दोन्ही कान झाकले. "ओस्मुंड! मी ऐकलं नाही! मी काही ऐकलं नाही!" आणि जिना उतरून पळाली. खालचं दार आपटलं. ती कधी दार आपटत नाही.

आता बघ काय झालंय. माझं उत्तर चूक असेल तर प्रश्नच नाही. पण ते बरोबर असलं तर? ते तिनं लिहिलं तर कॉपी. नाही लिहिलं तर बरोबर उत्तर सुटलं आणि पोरगी नापास. मी सात वर्षं शाळेत गेलो आणि मग आयुष्यभर सार्डिन मासळीच्या डब्यांना झाकणं बसवली. मला विद्यापीठाच्या प्रश्नाचं उत्तर येईल असं कुणाला वाटलं असतं? मलाही नव्हतं वाटलं. (इतक्या पटकन आलं याचं थोडं बरंही वाटलं. ते खोडणार होतो, पण लिहिलंय ते लिहिलंय.)

१४ मे, मंगळवार

आजपासून मी तिच्याशी बोलत नाही. टपालपेटीपाशी समोर आली तेव्हा तोंडावर हात धरला. तिनं "पाऊस थांबेल का आज?" विचारलं. उत्तर माहीत होतं, दिलं नाही. मदतीची सुरुवात अशीच होते.

ओडनीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढं जिवाला लागलंय तर विद्यापीठात फोन कर आणि विचार. त्यासाठीच बसलेली असतात ती माणसं." बोलताना ती हसू दाबत होती असं मला वाटलं, पण सल्ला सरळ होता.

फोन केला. परीक्षा विभागातल्या बाई गोड आवाजाच्या होत्या.

"एका परीक्षार्थीला बाहेरून मदत झालीय," मी सांगितलं.

"कुणाला?"

नाव सांगायची हिंमत झाली नाही. म्हणालो, "एका मित्राच्या घरी राहते ती. मित्राच्या वतीनं बोलतोय."

"आणि मित्रानं कसली मदत केली?"

"तो बोलला की, कुणाला आपला त्रास नको म्हणून मदत मागत नाहीत."

मग बाईंनी अगदी हळू विचारलं, "तुमचे हे मित्र एकटेच राहतात का हो?"

मी म्हणालो, फोन त्यासाठी केलेला नाही.

"त्यांच्याशी बोलायला आहे ना कुणी?"

"भरपूर माणसं आहेत. तळघर भाड्यानं दिलंय," मी म्हणालो, आणि लगेच जीभ चावली.

त्यांनी मला एक नंबर दिला, तिथं संध्याकाळी केव्हाही फोन करता येतो म्हणे. नको म्हणणं बरं दिसलं नसतं, म्हणून उतरवून घेतला. परीक्षेशी त्याचा काय संबंध ते विचारायचं राहिलं. शेवटी म्हणाल्या की कळवलंत ते बरं केलंत, याची नोंद करून ठेवते.

नोंद! मला वाटलं होतं फोन ठेवला की मन हलकं होईल. उलट आणखी जड झालं.

१५ मे, बुधवार

तिरिल जिन्याच्या मधल्या पायरीवर बसली होती. मी वरून बघितलं.

"माझ्यावर रागावलात का?"

मान हलवली, नाही.

"मग बोलत का नाही? सोमवारपासून एक शब्द नाही. मला वाटलं, खोली सोडायला सांगणार बहुतेक."

मी ओठांवर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे दाखवलं. तिला ते समजलं नसावं. गुडघ्यांवर कपाळ टेकून म्हणाली, "दोन परिच्छेद झाले आणि अडलंय. अगदी मागच्यासारखं. ओस्मुंड, मला वाटतं मी पुन्हा कोरंच पाठवणार."

माझ्या तोंडात शब्द आले होते. धीर देणं ही मदत होते की नाही, हे त्या बाईंना विचारायला हवं होतं. शेवटी स्वयंपाकघरात गेलो, एक अंडं उकडलं आणि तिच्या हातात दिलं. ती त्या अंड्याकडे बघत राहिली.

१६ मे, गुरुवार

पाय प्लास्टरमध्ये आहे. बेरित, घाबरू नकोस, आणि ओडनीनं तुला फोन केलाच असेल तर तिच्यावर विश्वास ठेवू नकोस, ती वाढवून सांगते.

उद्या सतरा मे, देशाचा सण. झेंडा माळ्यावर होता. इस्त्री करायची म्हणून सकाळीच काढायला गेलो, कॉफी स्टोव्हवर ठेवून. शिडीच्या खालच्या पायरीवरून मोजा सरकला आणि मी बसलो खाली, पाय अंगाखाली दुमडून. कट् असा आवाज आला. उठायला गेलो, उठता येईना.

मी बसलो होतो ती जागा तिरिलच्या टेबलाच्या बरोबर वर. खालून बटणांचा टकटक आवाज येत होता, आणि थांबत नव्हता! लिहीत होती पोरगी. तीन दिवसांनी पहिल्यांदा सलग. आता हाक मारायची म्हणजे तिची तार तुटायची. दोन वाजता ती पाठवील, मग सावकाश हाक मारू, असं ठरवलं. भिंतीला टेकून बसलो. दुखत होतं, पण तसं काही विशेष नाही, घाम तेवढा येत होता. झेंडा हाताशी होता, तो नीट घडी करून डोक्यामागे घेतला. (बेरित, ओला होऊ दिला नाही.)

कॉफीचं मात्र विसरलो. पाणी आटलं, बूड जळलं आणि छतावरचं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं.

तिरिल दोनदोन पायऱ्या चढत आली. आधी स्टोव्ह बंद केला, मग वळली, आणि मी दिसलो.

"ओस्मुंड! केव्हापासून बसलाय इथे?"

"आत्ताच."

तिनं भांडं उचलून मला दाखवलं. कोळसा झाला होता त्याचा. "आत्ताच?"

मी झेंड्याची घडी सारखी केली.

"हाक का नाही मारलीत? मी इथं खाली होते! पायाखाली!"

"तुझी परीक्षा," मी म्हणालो. "तू जा खाली. मला काही घाई नाही."

ती मटकन जमिनीवर बसली, माझ्या शेजारी. हसत होती की रडत होती मला ओळखता आलं नाही, आवाज दोन्हींचा होता. मग नाक पुसलं आणि टॅक्सी बोलावली. मी म्हणालो, ओडनी नेईल. पण ओडनी उद्यासाठी केस सेट करायला गेली होती.

दवाखान्यात गर्दी. सतरा मेच्या आदल्या दिवशी सगळेच शिडीवर चढतात, तिथली नर्सच म्हणाली. तिरिलनं लॅपटॉप बरोबर आणला होता. माझा पाय एका खुर्चीवर, ती दुसऱ्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन लिहीत होती. मी मान भिंतीकडे फिरवून बसलो, चुकून काही वाचलं जायला नको. भिंतीवर आतड्यांचं चित्र होतं. आता ते मला पाठ आहे.

मधेच तिचा फोन वाजला. वर्गातला वेगार. त्याचा आवाज मोठा, सगळं मला ऐकू येत होतं.

"वेडी आहेस का? मुदत वाढवून माग ना!"

"स्वतः आजारी असलं तरच देतात. नाहीतर जवळचा नातेवाईक."

"मग सांग आजोबा आहेत म्हणून. कोण बघायला येणार आहे?"

"ते माझे नातेवाईक नाहीत, वेगार."

खरं आहे ते. अगदी खरं. तरी ते ऐकून मी आतड्यांच्या चित्राकडे जास्त लक्षपूर्वक बघायला लागलो. पाय दुखत होता म्हणून असेल.

"बरं, मग माझा शेवट पाठवू? दोन शब्द इकडेतिकडे कर आणि चिकटव."

"नको."

"तिरिल, तिसरी वेळ आहे तुझी!"

"माहितीये मला कितवी आहे ती," असं म्हणून तिनं फोन बंद केला. मला म्हणावंसं वाटलं, घे त्या पोराकडून, कुणाला कळणार आहे? होय, मलाच तसं वाटलं, तीन दिवस तोंडाला कुलूप लावलेल्या मला. बोललो नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तुम्हीही नका सांगू, घे म्हणून."

माझं नाव पुकारलं तेव्हा दोनला थोडाच वेळ उरला होता. "तू लिही," मी म्हणालो, "मी लंगडत जातो."

"थांबा." तिनं काहीतरी भराभरा टाइप केलं, एक बटण दाबलं, लॅपटॉप मिटला. "गेलं."

"पुरं झालं?"

"नाही. पण कोरं नाही."

आणि माझ्या काखेत हात घालून मला आत घेऊन गेली.

१७ मे, शुक्रवार

मिरवणूक खिडकीतून बघितली. तिरिल बुनाड, तो सणाचा पारंपरिक पोशाख, घालून माझ्यासाठी सॉसेज घेऊन आली. ओडनीही नटूनथटून आली होती. केस छान बसले होते, तसं मी म्हणालोही, तर ती लाल झाली. उकडत असेल, लोकरीचा पोशाख तो.

आता बोलायला परवानगी होती, त्यामुळे मी बराच बोललो. फोनचं तेवढं सांगितलं नाही.

२४ मे, शुक्रवार

तिरिल सोमवारीच वाडसोला गेली. उन्हाळाभर तिथल्या वृद्धाश्रमात काम आहे. आज तिचा फोन आला.

"ओस्मुंड, तुम्ही विद्यापीठात फोन केला होता?"

"एका मित्रानं," मी म्हणालो. मग म्हणालो, "मीच केला होता."

ओरडली असती तर बरं झालं असतं.

"झालंय असं," ती म्हणाली, "मीसुद्धा शेवटच्या पानावर लिहिलं होतं. पहिल्या दिवशी घरमालकांनी आपणहून एक वाक्य सांगितलं, ते मी ऐकलं, म्हणून कळवते. तेवढं कुणी मनावर घेतलं नसतं. पण त्यांच्याकडे एका वृद्ध गृहस्थांच्या फोनची नोंदही निघाली. तळघर भाड्यानं दिलंय म्हणणाऱ्या. आता चौकशी आहे. तोवर पेपर तपासणार नाहीत."

"चौकशीत काय करतात?"

"परीक्षा रद्द करू शकतात."

"आणि मग?"

"मग काही नाही, ओस्मुंड. मग वृद्धाश्रमातलंच काम."

तुम्हालाही बोलावतील, म्हणाली, जे झालं ते सांगा. मी विचारलं, थोडं कमी करून सांगू का? तुझ्यासाठी सांगतो, मी काही ऐकवलंच नाही म्हणून. इतका वेळ शांत असलेली पोरगी तेव्हा पहिल्यांदा चिडली. "दवाखान्यात मी वेगारला नको म्हटलं ते कशासाठी मग?"

बेरित, हे मी केलंय. तिनं काही केलं नाही. चांगलं वागायला गेलो आणि पोरीच्या पायाखालची शिडी मी काढली. आज दोनदा तुला फोन लावायला घेतला आणि ठेवला.

२९ मे, बुधवार

ओडनीनं गाडीतून विद्यापीठात नेलं. सूट घातला होता, एका पायात बूट, एका पायात प्लास्टर. रस्ताभर मी म्हणत होतो, आपण उशिरा पोहोचणार. आम्ही इतके लवकर पोहोचलो की दार उघडायचं होतं.

आत एक पांढऱ्या केसांच्या बाई आणि एक तरुण, तो सगळं टाइप करत होता. कॉफी दिली. सूटवर सांडायला नको म्हणून मी घेतली नाही.

"तुम्ही परीक्षार्थीला मदत केलीत?" बाईंनी विचारलं.

मी उभा राहिलो, कुबड्यांसकट. बसा म्हणाल्या तरी उभाच राहिलो. "केली. तिनं मागितली नव्हती. तिनं कान झाकले होते. दोष असेल तो माझा आहे. मला वर्षभर बाहेर काढा."

"तुम्ही आमच्याकडे शिकत नाही, ओस्मुंड."

"तरी."

"काय सांगितलंत तिला?"

"म्हणालो, कुणाला आपला त्रास नको म्हणून."

तरुणाची बोटं थांबली. "एवढंच?"

"एवढंच. पण ठासून सांगितलं."

बाईंनी चष्मा काढला. "हे वाक्य यंदाच्या झाडून सगळ्या उत्तरांत आहे. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावरच आहे ते."

"पहिल्याच?" मी विचारलं. जीव भांड्यात पडला. थोडा हिरमोडही झाला.

मग त्यांनी गुरुवारचं विचारलं. मी पडलो तिथून दवाखान्यापर्यंत सगळं सांगितलं, आतड्यांच्या चित्रासकट. वेगारचं नाव तेवढं घेतलं नाही, ते मला कुणी विचारलं नव्हतं.

"मुदत का नाही मागितली तिनं?"

"जवळच्या नातेवाइकासाठीच मिळते ना. आणि मी नातेवाईक नाही."

मग बाई म्हणाल्या, यात गैर काही झालेलं नाही, प्रकरण इथेच मिटलं, पेपर आता तपासायला जाईल. मी विचारलं, पास होईल ना? त्या म्हणाल्या, तपासणारे वेगळे असतात, आणि उत्तराचा शेवट अर्धाच आहे, त्यामुळे त्या काही सांगू शकत नाहीत.

"माझ्या पायामुळे अर्धा," मी म्हणालो.

बाईंनी समोरचे कागद उलटले. "हे खरं तर तुम्हाला वाचून दाखवू नये. पण तिची परवानगी घेतली आहे मी. शेवटी तिनं असं लिहिलंय: 'अशा एका माणसाला मी जवळून ओळखते. पण तो माझ्या परीक्षेसाठी नाही, म्हणून त्याच्याबद्दल मी इथे एक शब्दही लिहिणार नाही.' तिथंच संपतं."

मी जरा विचार केला. "कोण हो हा माणूस?"

त्या चष्म्याची काच पुसत बसल्या. बराच वेळ पुसली. "तिलाच विचारा तुम्ही," म्हणाल्या. तो तरुण खिडकीबाहेर बघत होता. बाहेर नुसता पाऊस होता.

परत येताना ओडनीला सगळं सांगितलं. तिनं गाडी बाजूला घेतली. "ओस्मुंड, ओस्मुंड," एवढंच म्हणाली आणि वायपर बघत बसली.

मी म्हणालो, "वाडसोकडचा कुणीतरी असणार. तिचे आजोबा नाहीतर शेजारी. बघ ना, एकटा माणूस, उद्या पडला तर हाकही मारायचा नाही. कुणीतरी रोज डोकावायला नको का त्याच्याकडे?"

"डोकावते मी उद्यापासून," ओडनी म्हणाली. "सकाळी. कॉफीच्या वेळेला."

मी तिला समजावून सांगितलं की वाडसो इथून किती लांब आहे. तिनं गाडी सुरू केली.

४ जून, मंगळवार

ओडनी रोज येते. वाडसोला जायचं बहुतेक विसरली.

निकाल अजून नाही. आज तिरिलला फोन लावला, ती कामावर होती, उचलला नाही. यंत्रावर बोलून ठेवायचं मला जमत नाही. बीप वाजली की काय सांगायचं होतं तेच आठवत नाही. म्हणून इथं लिहितो आणि मग तसंच वाचून दाखवीन, म्हणजे अडणार नाही.

तिरिल, मी ओस्मुंड. प्लास्टर पुढच्या आठवड्यात निघतंय. तुझी खोली कुणाला दिलेली नाही, देणारही नाही, हवी तर ऑगस्टमध्ये ये, नको असली तरी ये. निकाल लागला की पहिल्यांदा मला सांग, वेगारच्याही आधी. पास झालीस तर सांगच, आणि नाही झालीस तर त्याच दिवशी सांग, कितीही वाजले असले तरी. आणि तो तुझा ओळखीचा माणूस कसा आहे ते कळव. मला त्याची फार काळजी लागून राहिलीय. त्याला सांग, त्याच्याबद्दल इथं कुणीतरी विचारत होतं. पण लवकर सांग, तिरिल. लवकर फोन कर.